गुडघ्याएवढं अंजीर

अंजिराचं झाड उभं वाढतं. हे सांगायला शिक्षण लागत नाही, आणि माझं झालंही तिसरीपर्यंतच. पण आमच्या मागल्या अंगणातलं अंजीर मी आडवं केलं. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना दोन हात पसरलेलं. त्याला एक वर्ष लागलं. त्या वर्षात मी दोनदा हरलो आणि एकदा खोटं वागलो. बायको म्हणते, खोट्याचं कशाला लिहिता, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, ते गाळलं तर उरलेलं माळीसुद्धा लिहील.

मी मूळचा पुरंदरचा. आमच्याकडे अंजिराच्या बागा. छाटणीच्या दिवसांत वडील आम्हा भावांच्या हातात कात्र्या द्यायचे. थोरल्याची छाटणी बघून ते पुढे जायचे आणि माझ्यापाशी येऊन थांबायचे. एकदा चार गड्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला लोखंडच बरं. लोखंडाला दुखत नाही." गडी हसले. मी कात्री तिथेच मातीत रोवली आणि वर्षाच्या आत घर सोडलं. लोखंडच बरं म्हणता ना, मग लोखंडच घेतो. फिरत फिरत बेंगळुरूला आलो, एका सरकारी कारखान्यात पाईप फिटर म्हणून चिकटलो. तीस वर्षं वाफेच्या, पाण्याच्या, हवेच्या लाइनी टाकल्या. माझ्या जोडातून कधी थेंब गळला नाही. हे मी सांगत नाही, माझ्यावर जळणारे सांगायचे.

वडील गेल्यावर थोरल्याने बाग काढून सीताफळ लावलं. त्याचं त्याला ठाऊक. पण बाग काढायच्या आधी गावी गेलो तेव्हा वडिलांनी लावलेल्या एका झाडाची काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने इकडे आणली. बेंगळुरूच्या कडेला, येलहंक्याला आमचं स्वतःचं घर, मागे अंगण. न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे काडी रोवली. लागली. सहा वर्षांत तिचं झाड झालं, भिंतीच्या वर, कपड्यांच्या तारेच्या वर, थेट आमच्या छपराला लागलेलं. त्या सगळ्या बागेतलं जिवंत उरलेलं तेवढंच.

नव्वद सालानंतर कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली. साहेबाशी माझं वाजलं होतं. त्याला वाटलं हा घेणार नाही, म्हणून मी घेतली. कारखाना सुटला पण हात सुटले नाहीत. पहिल्या महिन्यात घरातले सगळे नळ खोलून पुन्हा बसवले, गळत नव्हते तेसुद्धा. जेवताना उठायचो, दार करकरतंय का बघायचो. डोक्यावरून हवाई तळाचं विमान गेलं की अंगणात जायचो, गेलं की आत यायचो. बायको म्हणायची, "अहो, एका जागी बसा हो. तुम्ही फिरता तशी माझी मान फिरते."

अंगणाच्या भिंतीपलीकडे अक्का राहायची. भिंत छातीएवढी. तिचं अंगण आमच्या उत्तरेला. नवरा लवकर गेला, मुलगी सासरी. ती हप्पळ करायची, म्हणजे आपले पापड, आणि तांदळाचे सांडगे. लग्नघरं, दुकानं, सगळीकडे तिचा माल जायचा. थंडी सरली की तिच्या अंगणात दोन खाटा पडायच्या, त्यांवर धुतलेली धोतरं, त्यांवर हप्पळांच्या रांगा. ती कानडीत बोलायची, मी माझ्या मोडक्या कानडीत उत्तर द्यायचो. इथे सगळं मराठीत लिहितो, म्हणजे भांडण वाचायला सोपं जाईल.

शिवरात्र चार दिवसांवर होती. अक्का भिंतीपाशी आली. हातात स्टीलचं ताट, ताटात हप्पळ.

"अण्णा, हे नोडी."

पाहिलं. कडेला हिरवट ठिपके.

"बुरशी आहे," मी म्हटलं.

"कशाने आली?"

"मीठ कमी पडलं असेल."

आत बायकोने कपाळावर हात मारला. तो आवाज मला बाहेर ऐकू आला.

अक्का म्हणाली, "माझ्या सासूने कधी माझं मीठ काढलं नाही, आता तुम्ही काढलंत. ऊन नाही, अण्णा. तुमचं अंजूर अकराला माझ्या खाटेवर येऊन बसतं ते चारला उठतं. खाट सरकवली की ते पण सरकतं."

"ऊन काय तुमच्या एकटीचं आहे का?"

"ऊन देवाचं. सावली मात्र तुमची."

उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढतो, हा माझा जुना रोग. म्हटलं, "झाड मी कापणार नाही!"

"कापा असं मी म्हटलं का? पण अण्णा, मला दुसरं काही येत नाही. दुकानदाराने दोन डबे परत पाठवले. तिसरा पाठवला की तो दुसरी बाई बघणार."

इथे शहाणा माणूस म्हणाला असता, बघतो, काहीतरी करू. मी भिंतीवर मूठ आपटली. "पुढच्या शिवरात्रीला हे झाड या भिंतीच्या खाली असेल. आणि जिवंत असेल. तुमच्या उपासाच्या ताटात याचं पिकलेलं अंजीर घालीन. नाही घातलं तर मुळासकट उपटीन, माझ्या या हातांनी."

"सरी, ठीक," अक्का म्हणाली, आणि ताट घेऊन गेली.

बायको दारात उभी होती. "एवढं बोलायची काय गरज होती? चार फांद्या छाटल्या असत्या तर भागलं असतं."

तिला काय सांगणार. अंजिराची वरची फांदी छाटली की ते दुप्पट रागाने वर येतं. एकाच्या जागी चार. हे मी लहानपणी पाहिलेलं. झाडाला वर जायचंच असतं. त्याला बुटकं ठेवायचं तर रोज त्याच्याशी भांडत बसावं लागेल. दुसरा काहीतरी रस्ता पाहिजे होता, आणि तो मला ठाऊक नव्हता. भावाला पत्र टाकून विचारता आलं असतं. पण त्याने ते पत्र गावभर वाचून दाखवलं असतं.

महिना-दीड महिना मी झाडाभोवती फिरत काढला. असलेली फळं उतरवली. एकदा न्हाणीघराच्या पायरीवर उकिडवा बसलो होतो आणि कारखान्यातली वाफेची लाइन डोळ्यांपुढे आली. जमिनीलगत एक जाड आडवा पाईप जातो, त्याला आम्ही हेडर म्हणायचो. वाफ त्याच्यातून वाहते. त्याच्यावर वीत-दोन वीत अंतराने बारके उभे पाईप, जिथे लागेल तिथे वाफ देणारे. मी उठलोच. झाडाचा बुंधा म्हणजे खालून येणारी मुख्य लाइन. गुडघ्याशी तिला दोन हात फोडायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे हेडर. त्यांच्यावर उभे फुटवे घ्यायचे, अंजीर त्या फुटव्यांवर लागेल, कारण अंजीर नव्या काडीवरच लागतं. फळं उतरली की उभे फुटवे दोन डोळ्यांवर छाटायचे. आडवे हात तसेच राहतील. जो जोर वर जायला धडपडतो तो आडवा वाटला जाईल.

हे असं जगात कुठे कोणी करतं का, मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे कळलं, करतात. मला त्याचं वाईटच वाटलं.

एप्रिलच्या शेवटी बुंधा गुडघ्यावर कापला. करवत फिरली तसा पांढरा चीक भळभळा वाहिला. मी उघड्या हातांनी पुसत होतो. अंजिराचा चीक अंगावर घेऊन उन्हात उभं राहू नये, हे बागेतलं पोरही जाणतं. मी तीस वर्षांत विसरलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर फोड. बायको खोबरेल लावता लावता म्हणाली, "झाडालापण व्हीआरएस दिलीत का?" मी हात ओढून घेतला. अंगणात उरलेला तो खुंट बघवत नव्हता. अक्का भिंतीवरून डोकावली, बघितलं, आणि खाली झाली. तिच्या खाटांवर त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन होतं.

मी चिकपेटच्या बाजारात गेलो. दोन लोखंडी अँगल, जाड जी.आय. तार, ती ताणायला टर्नबकल. खुंटाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा फुटांवर अँगल गाडले, तार ताणली, पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. वाजवली तर तंबोऱ्यासारखी वाजली. माझ्या आयुष्यातलं ते चांगलं काम होतं, फक्त झाडच काय ते नव्हतं.

जूनमध्ये खुंटाला आठ-नऊ धुमारे आले. मी दोन ठेवले, बाकीचे खुडले. ते दोघे हाताएवढे झाले तशी मला घाई सुटली. सकाळी चहाच्या आधी अंगणात गेलो आणि उजवीकडचा वाकवायला घेतला.

आता फिटरच्या हाताची एक खोड सांगतो. पाईप नव्वद अंशांत वाकवायचा असला तर आम्ही ब्याण्णवपर्यंत नेतो. कारण सोडला की तो थोडा मागे येतो. लोखंडाला आपली जुनी सरळ चाल आठवते म्हणा. हे डोक्याने करावं लागत नाही, हातच करतात. माझ्या हातांनी त्या धुमाऱ्याला तारेपर्यंत आणला आणि मग, सवयीने, तारेच्या जरा खाली नेला.

कट्. एवढाच आवाज. बुंध्याला जिथे जोड होता तिथे फाटला, आतलं हिरवं-पांढरं दिसायला लागलं.

मी इकडेतिकडे बघितलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली, वर माती थापली. बायकोने विचारलं तर म्हटलं, मुंग्या चढू नयेत म्हणून. आठ दिवसांत पानं लोंबली, पंधरा दिवसांत काडी वाळली. खुंटाच्या उजव्या अंगाला पुन्हा नवा धुमारा यायची वाट बघत बसणं आलं.

डावा राहिला होता. त्याच्याशी मी दमाने घेतलं. जुन्या साडीच्या पट्ट्या केल्या, तीन जागी बांधून थोडा थोडा खाली आणला. तुटला नाही. पण शेवटच्या दिवशी पुन्हा तेच, टोक तारेच्या चार बोटं खाली बांधून टाकलं. म्हटलं सोडेन तेव्हा बरोबर वर येईल. झालं असं की टोक जागच्या जागी थांबलं. पान नाही, डोळा नाही, काही नाही. आणि जिथे वाकवला होता त्या वळणावरून अंगठ्याएवढा जाड धुमारा सरळ वर उठला, फणा काढल्यासारखा. खुडला तर चार दिवसांत दुसरा. झाडाने मला स्वच्छ सांगितलं होतं, तू आडवं म्हण, मी उभंच जाणार.

जुलै गेला. माझं जेवणात लक्ष लागेना. दोन घास खाल्ले की उठून तार बघायला जायचो, जणू मी बघितल्याने काडी वाढणार होती. बायको म्हणाली, "ताट तिकडेच आणून देऊ का, झाडाबरोबर जेवा." मी म्हटलं, आण. तिने खरंच आणून ठेवलं. मी पायरीवर बसून जेवलो आणि वडिलांची ती गोष्ट डोक्यात घण घालत होती. लोखंडाला दुखत नाही. माझे हात खरंच फक्त लोखंडाचेच असतील तर? मग शिवरात्रीला उपटायला तरी ते उपयोगी पडतील, असं मनात आलं आणि मी ताट बाजूला सारलं.

त्या दिवशी ऊन पडलं होतं, श्रावणात पडतं तसं मध्येच. अक्काने घाईने एक खाट टाकली होती. भांडणापासून आमचं बोलणं नव्हतं. मी पट्टी सोडत होतो, बांधत होतो. ती भिंतीपलीकडून बराच वेळ बघत असावी.

"अण्णा, तुम्ही त्याला सकाळी का पिळता?"

मी मान वर केली नाही. "माझी कामाची वेळ आहे."

"सकाळी त्याचं पोट भरलेलं असतं. भरल्या पोटाने तुम्ही तरी वाकाल का? दुपारी दोनला बघा, पानं कशी मऊ पडतात."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर बरंच आहे. इकडे या जरा."

भिंतीपाशी गेलो. तिने खाटेवरून तीन हप्पळ उचलून भिंतीवर ठेवले. "बोट लावा. हे आत्ता घातलेलं. उचललं तर फाटतं. हे कालचं, कडक झालं. दाबलं तर फुटतं. आणि हे बघा मधलं."

मधलं मी बोटांत घेतलं. वाकलं. सोडलं तर तसंच वाकलेलं राहिलं, मागे आलं नाही.

"यावेळी मी ते उचलते आणि रास करून वर पाट ठेवते," अक्का म्हणाली. "मग सपाट वाळतं. ही वेळ घड्याळात नसते, बोटांत असते. तुमची पहिली काडी फार ओली होती. आणि हिचं तोंड खाली का केलंत? माझा अवऱ्याचा, म्हणजे वालाचा वेल, त्याचंसुद्धा तोंड खाली केलं तर रुसतो. अंग आडवं करा हवं तेवढं, तोंडाला आकाश दिसू दे."

"झालं?" मी म्हटलं.

"झालं. मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा." आणि हसली.

मी हप्पळ परत ठेवलं. तिचं ऐकलं असं दिसू नये म्हणून दोन दिवस काहीच केलं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शिलाई मशीन खोललं आणि मला ते पुन्हा जोडता येईना, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला अंगणात गेलो. पानं मऊ पडलेली होती. डाव्या हाताचं टोक सोडलं, वीतभर वर उचलून बारक्या कामटीला बांधलं. उजव्या बाजूला नवा धुमारा आला होता, त्याला रोज दुपारी नुसतं बोटाने दाबून बघायचो. हिरवा, हिरवा, हिरवा. मग एक दिवस बुडाशी तपकिरी रेघ दिसली आणि दाबला तर वाकून राहिला. त्या दिवशी तो तारेवर आणला. तारेच्या खाली एक केसभरही नेला नाही. हात जायला बघत होते. मी दुसऱ्या हाताने पहिला धरला.

डाव्याचं टोक आठवड्यात हललं. पान आलं, मग दुसरं. फणा काढणारा धुमारा खुडला तो पुन्हा आला नाही. दसऱ्यापर्यंत दोन्ही हात चार-चार फूट लांब झाले, आणि त्यांच्या पाठीवर वीत-वीत अंतराने डोळे फुटले. खालच्या बाजूचे मी पुसून काढले, वरचे ठेवले. ते सरळ उभे, रांगेत. हेडर आणि त्याच्यावरचे पाईप. कमरेएवढे झाले की त्यांचे शेंडे मोडायचो, म्हणजे भिंतीच्या खाली राहतील. थंडीत पानांच्या बगलेत हिरव्या गुंड्या दिसल्या. मी बायकोला हात धरून अंगणात नेलं. ती म्हणाली, "अगोबाई, लागली की!" आणि भिंतीवरून ओरडली, "अक्का, अंजूर बंतु!"

शिवरात्रीला आठ दिवस राहिले तेव्हा झाडावर एकोणीस अंजिरं होती. एकोणीसच्या एकोणीस दगड. रोज सकाळी दाबून बघायचो, दुपारी दाबायचो, दिवेलागणीच्या आधी परत. वर्षाच्या सुरुवातीला जी वेळ मीच वाया घालवली होती, ती आता फळांत कमी पडत होती. महिना तरी लागला असता.

आमच्याकडे बाजारवाले एक युक्ती करायचे. कच्च्या अंजिराच्या डोळ्याला, म्हणजे खालच्या भोकाला, तेलाचा थेंब लावायचा. आठ दिवसांत फळ फुगतं, रंग धरतं, मऊ होतं. गोडी मात्र येत नाही. वडिलांना त्याची इतकी चीड की तेलाची वाटी बागेत दिसली तर लाथेने उडवत.

मी स्वयंपाकघरातून वाटीत तेल घेतलं, खराट्याची काडी घेतली. बुंध्याजवळचं सगळ्यात मोठं फळ निवडलं आणि थेंब लावला. बायको मागे उभी. "काय करताय?"

"बिजागरीला तेल घालतोय."

तिने अंगणभर बघितलं. बिजागरी कुठेच नव्हती. ती आत गेली.

फळ फुगलं. शिवरात्रीच्या सकाळी ते जांभळट होऊन मानेवर लवलं होतं. मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, वाटीत केळीचं पान ठेवून त्यावर अंजीर ठेवलं आणि फाटकाने वळसा घालून अक्काच्या दारात गेलो. बायको मागून आली. अक्काच्या कपाळाला भस्म, पूजा नुकतीच झालेली. तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली, अंजीर डोळ्यांना लावलं. मग तिने मधोमध फोडून अर्धं तोंडात घातलं.

"चेन्नागिदे, अण्णा. छान आहे."

उरलेला अर्धा भाग तिच्या हातात होता. आतून फिका, पांढरट. मला दिसत होता, तिलाही दिसत असणार.

"छान नाही," मी म्हटलं. "कच्चं आहे. मी तेल लावून पिकवलंय."

अक्का चावता चावता थांबली. "तेल? अण्णा, आज माझा उपास आहे. कुठलं तेल?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "शेंगदाण्याचं हो, अक्का. चालतं उपासाला."

"तुमच्यात चालत असेल!"

"लावलं बाहेरून," मी म्हटलं. "आत गेलं असेल थेंबभर."

"थेंबभरच पाप लागेल म्हणा," अक्का म्हणाली, आणि उरलेलं अर्धं पण तोंडात टाकलं.

त्या दोघी हसायला लागल्या. मला हसू येईना. मी सरळ घरी आलो, पहार घेतली आणि झाडापाशी उभा राहिलो. शब्द तो शब्द. पिकलेलं अंजीर म्हटलं होतं, पिकलेलं दिलं नाही. पण पहार उचलली आणि ती कुठे मारायची ते कळेना. दोन्ही बाजूंना ते हात, त्यांच्यावर अठरा अंजिरं. झाडाला कुठून उपटतात तेच आठवेना.

बायको धापा टाकत आली. "ती खाली ठेवा आधी."

भिंतीवर अक्काचं डोकं दिसलं. "अण्णा, शब्द कुणाला दिला होता?"

"तुम्हाला."

"मग तो पुरा झाला की नाही ते मी सांगणार का तुम्ही? झाड भिंतीच्या खाली आहे. जिवंत आहे. फळ कच्चं निघालं. मी हप्पळ घातलं की त्याच दिवशी तळायला मागते का? बाकीची अठरा पिकू देत, मग सांगीन. तोवर झाडाला हात लावायचा नाही." जरा थांबून म्हणाली, "तेलाचा तर नाहीच नाही."

मी पहार धरून उभाच.

"आणि लोखंड घेऊन उभे राहण्यापेक्षा माझी दुसरी खाट इकडून उचलून न्या. तुमचं झाड खाली आल्यापासून तुमच्या अंगणात माझ्यापेक्षा जास्त ऊन आहे. मी रोज बघते, वाया जातं."

बायको पलीकडे गेली, आणि खाट भिंतीवरून घेतली. मी अलीकडून, त्या दोघी पलीकडून. अंजिराच्या डाव्या हाताशेजारी टाकली. त्यावर अक्काने येऊन धोतर पसरलं, हप्पळ मांडले आणि मला काठी दिली. कावळ्यांसाठी. तेव्हापासून उन्हाळाभर मी त्या काठीसकट अंगणात. बायको म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा मी एका जागी दोन तास होतो. बसलो नव्हतो, फिरतच होतो. पण एका खाटेभोवती.

अठरातली पाच बुलबुलांनी खाल्ली. उरलेली मार्चअखेर पिकली, एकेक करून, बुंध्याकडून टोकाकडे. पहिलं खरं पिकलेलं मी अक्काच्या हातावर ठेवलं. तिने खाल्लं. हात तसाच पुढे ठेवला. मी दुसरं दिलं.

त्यानंतर तीन हंगाम गेले. आडवे हात मनगटाएवढे जाड झाले तेव्हा एका दुपारी मी टर्नबकल सैल केला, पट्ट्या सोडल्या, तार काढून घेतली. तीस वर्षांत एकही पाईप असा बघितला नाही जो सोडल्यावर थोडा तरी मागे आला नाही. पाणसळ लावली. बुडबुडा मध्ये. थोडा वेळ थांबून परत लावली. मध्येच.

वडिलांना हे दाखवायला पाहिजे होतं. नुसतं बघितलं असतं, बोलले नसते, तरी चाललं असतं.

"अण्णा!" पलीकडून अक्का ओरडली. "झाडाकडे काय बघताय, कावळा बघा!"